अकरा पानांचं मंजूर मॉड्यूल

सर्व संबंधितांना, असंबंधितांना आणि संबंध असूनही तो नाकारणाऱ्यांना या मजकुराद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, छत्तीसगडच्या नव्या राजधानीत सरकारी वेबसाइटचं पहिलं कस्टम मॉड्यूल एका बी.ए. तृतीय श्रेणी कारकुनाने लिहिलं, कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय लिहिलं आणि निव्वळ संतापाने लिहिलं. याला कोणाचा आक्षेप असल्यास त्याने तो पंधरा दिवसांच्या आत, तीन प्रतींत, माझ्याकडे सादर करावा. मी तो आवक रजिस्टरात चढवीन आणि विसरून जाईन. तेवढं काम मला उत्तम येतं.

राज्य होऊन दहाएक वर्षं झाली होती. नवी राजधानी शहराबाहेर बांधली जात होती आणि तोवर आमचं ऑफिस शंकर नगरातल्या एका भाड्याच्या बंगल्यात मांडलेलं होतं. गॅरेजमध्ये आवक-जावक, बाथरूममध्ये जुन्या फायली, आणि बेडरूममध्ये साहेब. माझे वडील रेल्वेच्या नोकरीत नागपूरहून इकडे आले आणि मी इथेच चिकटलो, सहायक ग्रेड तीन म्हणून. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, मी आणि टाइपिस्ट दीदी.

दीदी चौपन्न वर्षांच्या. त्यांचेही वडील रेल्वेतले, मूळ वर्ध्याकडचे. तीस वर्षं टाइपिंग. आधी मशीनवर, मग कॉम्प्युटरवर, कृतिदेव नावाच्या हिंदी फॉन्टमध्ये. काही जोडाक्षरं त्या फॉन्टमध्ये साध्या कळीने उमटत नाहीत, ऑल्टची कळ दाबून चार आकडे मारावे लागतात. दीदींना ते सगळे आकडे पाठ होते. कागदाकडे बघत, खिडकीबाहेरच्या भाजीवाल्याशी भाव करत त्या आदेश टाइप करायच्या आणि त्यात चूक सापडायची नाही. साहेबांसमोर मात्र त्यांच्या तोंडून फक्त दोन शब्द निघायचे, "जी सर."

आता कृतिदेवची भानगड सांगतो, कारण सगळं रामायण तिथून सुरू होतं. हा फॉन्ट म्हणजे मुखवटा. कॉम्प्युटर बिचारा आत इंग्रजी अक्षरंच साठवत असतो, फॉन्ट वरून त्यांना हिंदी तोंडं चढवतो. दीदींनी टाइप केलेला मजकूर उचलून वेबसाइटवर चिकटवला की मुखवटा गळून पडायचा. 'आदेश' या शब्दाच्या जागी दिसायचं व्ही, के, एन, एस, मग एक लोंबतं अवतरणचिन्ह, आणि पुन्हा के. त्यामुळे आम्ही आदेश छापायचो, सही घ्यायचो, स्कॅन करायचो आणि तो तिरका फोटो वेबसाइटवर चढवायचो. मग एक दिवस वरून हुकूम आला की यापुढे सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर वाचता येईल, शोधता येईल असा टाकायचा. हुकूम बरोबर होता. गावातल्या शिक्षकाला त्याचा आदेश शोधायचा तर तिरक्या फोटोत तो सापडणार कसा? इथवर माझा कोणावरही राग नाही.

राग इथून पुढे. साहेबांनी सगळ्यांना बेडरूममध्ये, म्हणजे त्यांच्या कक्षात, बोलावलं आणि जाहीर केलं, "जिनसे यूनिकोड नहीं होगा, वो फील्ड में जाएँगे। नई राजधानी में हम पुराना कचरा लेकर नहीं जाएँगे।" फील्ड म्हणजे बस्तरच्या पार टोकाचं एक ऑफिस, जिथे टाइपिस्टची जागा रिकामी होती. 'जिनसे' म्हणजे कोण, हे सांगायला साहेबांनी नजर वर केली नाही, पण बाकी सगळ्यांनी दीदींकडे पाहिलं. ऑफिसात टाइप करणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

स्वतः साहेबांना टाइप करता येत नव्हतं. एका बोटाने पासवर्ड टाकायचे, तोही बडे बाबूंनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कने, चिठ्ठीवर लिहून दिलेला. ज्या माणसाला कॉम्प्युटरचं बटण शिपायाला विचारावं लागतं, तो तीस वर्षांच्या बोटांना कचरा म्हणाला. मी हे आज लिहिताना खुर्चीवर नीट बसू शकत नाही.

दीदींच्या यजमानांची दृष्टी साखरेने गेली होती. रेल्वेतून निवृत्त झालेला उंचापुरा माणूस, घर आणि आपला पारा, म्हणजे मोहल्ला, त्याने पावलांनी पाठ केला होता. दारापासून पानठेल्यापर्यंत किती पावलं, कुठे नाली, कुठे कोणाची सायकल उभी असते, सगळं. त्यांना घेऊन नव्या गावी जायचं म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा आंधळं करायचं. आणि ठेवून जायचं तर कोणाच्या भरवशावर? त्यांची पोट्टी लग्न होऊन गुजरातेत. दीदींनी हे साहेबांना सांगायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "जी सर."

बाहेर आल्यावर मी शहाणपणा केला. "दीदी, शिकून घ्या ना युनिकोड. दोन-तीन महिन्यांत होते."

"तू उद्यापासून डाव्या पायानं सही कर," त्या म्हणाल्या. "जमली की मले शिकवायले ये."

बरोबर होतं. युनिकोडच्या कीबोर्डवर अक्षरांच्या जागाच वेगळ्या. त्यांनी आठवडाभर प्रयत्न केला. बोटं जुन्या वाटेने जायची आणि पडद्यावर भलतंच उमटायचं. आज असे कीबोर्ड मिळतात की जुन्या सवयीने टाइप केलं तरी युनिकोड उमटतं. तेव्हा आमच्या कॉम्प्युटरवर बाहेरचं काहीही टाकायला बंदी होती, आणि बंदी घालणारी कंपनी दूरच्या शहरात होती. तिनेच आमची वेबसाइट बनवली होती. म्हणून मी कंपनीला फोन लावला आणि विचारलं, बाबा रे, मजकूर जुन्या फॉन्टमध्ये चिकटवला तर तुमची वेबसाइट तो स्वतःच बदलून घेऊ शकत नाही का?

"हो सकता है सर, लेकिन उसके लिए कस्टम मॉड्यूल बनेगा," कंपनीवाला म्हणाला. "चेंज रिक्वेस्ट डालिए। अप्रूवल के बाद छह महीने।"

"छह महीने? एक फॉन्ट बदलने के?"

"तो सर, आप ही बना लीजिए," असं म्हणून तो हसला.

लोक ज्ञानासाठी शिकतात, पोटासाठी शिकतात, मुलीकडच्यांना दाखवण्यासाठी शिकतात. मी त्या हसण्यासाठी शिकलो.

मुदत किती होती, ते कोणालाच माहीत नव्हतं. नव्या राजधानीतली आमची इमारत तयार झाली की ऑफिस हलणार आणि दीदींचा आदेश निघणार. इमारतीत लिफ्ट बसायची बाकी होती. दीदी रोज सकाळी पर्स ठेवण्याआधी विचारायच्या, "बसली का रे लिफ्ट?" मी म्हणायचो, "नाही." मग त्या काम सुरू करायच्या.

पंडरीत, साड्यांच्या एका ठोक दुकानाच्या वर नेट कॅफे होता. तिथून मी इंग्रजी पानांचे गठ्ठे छापून आणले. आमची वेबसाइट ज्या यंत्रणेवर चालायची ती फुकट मिळते, हेही तिथेच कळलं. ती मी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर उतरवली, तिच्यावर आमच्या वेबसाइटची नक्कल उभी केली आणि पहाटे पाच ते साडेआठ शिकवणी सुरू केली. गुरू मीच, चेला मीच, आणि छडीही मीच.

पहिल्याच आठवड्यात घोर पातक केलं. यंत्रणेची मूळ फाइल उघडून तिच्यातच दोन ओळी घुसडल्या. चाललं! मी घरात मिरवलो. चार दिवसांनी यंत्रणेची नवी आवृत्ती टाकली आणि तिने माझ्या दोन ओळी पुसून मूळ फाइल पुन्हा स्वच्छ करून ठेवली. तेव्हा समजलं मॉड्यूल कशाला म्हणतात. मूळ घराच्या भिंती फोडायच्या नाहीत. आपली वेगळी खोली बांधायची आणि घराला सांगायचं की, बाबा, इथे एक खोली आहे. त्यासाठी दोन फाइली लागत. एकीत मॉड्यूलचं नाव-गाव, दुसरीत खरं काम. नाव-गाव मी फार सुंदर लिहिलं. खऱ्या कामाच्या फाइलीत एक अर्धविराम राहिला आणि सगळी वेबसाइट पांढरी झाली. चूक कुठे आहे ते सांगणारं एक अक्षर नाही, नुसता पांढरा पडदा. मी त्या पडद्याला अशा शिव्या दिल्या की बायको पोळ्या सोडून आली.

"काहून जी, सकाळी सकाळी कोनावर भडकून राहिले?"

"कोनावर नाही. यंत्रावर."

"यंत्र काय उत्तर देते?"

"तेच तर! देतच नाही!"

पुढे तीन दिवस मी एक ओळ बदलत होतो आणि पडद्यावर काही बदलत नव्हतं. ओळ पुन्हा लिहिली, पुसली, देवाचं नाव घेऊन पुन्हा लिहिली. चौथ्या दिवशी कळलं की यंत्रणा जुनं पान आपल्या जवळ साठवून ठेवते आणि तेच दाखवत राहते. ती साठवण साफ केली की नवं दिसतं. तीन दिवसांत मी तीच दुरुस्ती बहुधा चाळीस वेळा बरोबर केलेली होती.

पण एका गोष्टीवर मी लुब्ध झालो, आणि तिच्यामुळेच माझा ऑफिसवरचा राग दुप्पट झाला. कुठलंही काम करण्याआधी ही यंत्रणा थांबते आणि हाक देते, 'मी आता हा मजकूर साठवते आहे, कोणाला काही सांगायचंय?' ज्या मॉड्यूलच्या फंक्शनचं नाव ठरलेल्या रीतीने ठेवलं असेल ते हात वर करतं. यंत्रणा त्याचं ऐकून घेते, मग पुढे जाते. निर्जीव सॉफ्टवेअर, पण विचारतं! आमच्या ऑफिसात एका बाईचं घर उचलून जंगलापार फेकायचं ठरलं आणि एकाही माणसाने विचारलं नाही की, कोणाला काही सांगायचंय?

तर, मजकूर साठवण्याच्या त्या क्षणी हात वर करायचा आणि कृतिदेवचं युनिकोड करायचं, हे ठरलं. त्यासाठी कुठल्या कळीचं कुठलं अक्षर याचा तक्ता हवा होता. तो दीदींच्या डोक्यात होता. जेवणाच्या सुट्टीत आम्ही गॅरेजमागे बसायचो. त्या एका हाताने भाकर तोडत, दुसऱ्या हाताची बोटं हवेत चालवत सांगायच्या आणि मी वहीत उतरवायचो. त्यांना अक्षर विचारलं तर आठवायचं नाही, बोटांना विचारलं की आठवायचं. त्यांची मिरचीची चटणी मी रोज अर्धी संपवत होतो, हे इथे कबूल करतो.

तक्ता घातला आणि पहिला मजकूर बदलून पाहिला. चिखल. 'विद्यालय' ओळखू येईना. मी सुटी अक्षरं आधी बदलत होतो, त्यामुळे जोडाक्षरांचे तुकडे पडत होते.

"अरे, जोडाक्षरं पहिले काढ, सुटी अक्षरं मंग," दीदी म्हणाल्या. "भाजी निवडतानी मोठ्या काड्या पहिले काढतेत का नाही? तुह्या बायकोनं काही शिकवलं नाही का तुले?"

ते केलं आणि नव्वद टक्के चिखल निवळला. उरलेल्या दहा टक्क्यांत 'वार्षिक' बसला होता. त्या एका शब्दाने माझ्या अकरा पहाटा खाल्ल्या. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारतात आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. इथे दोघंही एकाच 'ष'च्या उरावर. वेलांटी मागे सरकवली की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचा, रफार सरकवला की वेलांटी उडायची. बाराव्या पहाटे मी आधी रफार, मग वेलांटी असा क्रम लावला आणि 'वार्षिक' वार्षिकसारखा दिसला. मी बनियनवर घरभर नाचलो. बायको म्हणाली, "पगार वाढला का?"

शेवटची भर म्हणून फॉर्मवर एक चौकोन ठेवला, 'हा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आहे'. त्यावर टिक केली तरच मॉड्यूल हात वर करणार. नाहीतर खरोखरीचं इंग्रजी वाक्य आलं की माझं मॉड्यूल त्याचीही हिंदी भेळ करायचं.

मॉड्यूल तयार झालं. इमारतीत लिफ्ट बसलेली नव्हती. वेळ हातात होता. आणि इथे मी ती चूक केली जी फक्त सरकारी बाबू करू शकतो, जगातला दुसरा कोणताही प्राणी नाही. मी ते मॉड्यूल नोटशीटवर घेतलं.

मला दुसरं काही सुचलंच नाही, शपथेवर सांगतो. ऑफिसात पंखा दुरुस्त करायचा असला तरी नोटशीट, म्हणजे मंजुरीची टिपणी, चालते. मी मॉड्यूलची ओळन्ओळ छापली, अकरा पानं भरली. फाइली सीडीत घातल्या, सीडी पाकिटात, पाकीट फायलीला, आणि वर टीप लिहिली की मंजुरीसाठी सादर. बडे बाबू रोज अभनपूरहून मोटरसायकलने येणारे शांत गृहस्थ. त्यांनी पानं मोजली.

"पेज नंबर डाले हो?"

"हव."

"तो फिर ठीक है," म्हणून त्यांनी अकराही पानांवर सही केली.

फाइल वर गेली आणि दहा दिवसांनी परत आली. साहेबांच्या हिरव्या शाईत शेरा होता, 'प्रस्ताव राजभाषा में नहीं है। हिंदी में टंकित कर प्रस्तुत करें।' टंकित कोण करणार? ऑफिसात टाइप करणाऱ्या त्या एकट्याच. जी बाई वाचावी म्हणून मी ती पानं लिहिली, तिच्याच टेबलावर ती पानं टाइप करायला जाऊन पडली. 'फंक्शन', 'इफ', 'रिटर्न', महिरपी कंस सुरू, महिरपी कंस बंद. दोन दिवस त्या टाइप करत होत्या.

"हे काय मंत्र होय रे?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या बदलीवरचा उतारा आहे."

"मंग एवढा लंबा काहून?"

मला हसू आलं नाही. मी बाथरूमच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलो आणि जुन्या फायलींच्या गठ्ठ्याला लाथ घातली. पाय सुजला.

अकरा पानं हिंदी होऊन पुन्हा वर गेली. या वेळी शेरा उतरला, 'स्वीकृत। वेबसाइट पर अपलोड किया जाए।' मी मिठाई वाटली. फाइल पत्रासह कंपनीकडे रवाना झाली. आठ दिवसांनी मी वेबसाइट उघडली तर पहिल्याच पानावर, लाल रंगात लुकलुकणाऱ्या 'नया' या शब्दाशेजारी, एक ओळ होती, 'कस्टम मॉड्यूल (स्वीकृत)'. तिच्यावर दाबलं. अकरा पानं उघडली. स्कॅन केलेली, तिरकी, सातवं पान उलटं, आणि प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या.

मॉड्यूल बसवलं नव्हतं. मॉड्यूलचा फोटो लावला होता.

मी फोनवर किती वेळ ओरडलो, कोणाच्या खानदानाचा उल्लेख केला, ते लिहिण्यासारखं नाही. कंपनीवाला थंड होता. "सर, लेटर में लिखा था अपलोड करना है, हमने कर दिया। आप लोग का सब कुछ तो स्कैन करके ही चढ़ता है।"

"और सीडी?"

"सीडी तो सर, खराब थी।"

सीडी खराब होती, कारण आमच्या जावक शाखेने तिला दाभणाने भोक पाडून त्यातून टॅग ओवला होता. फायलीतला कागद सुटा राहू नये असा नियम आहे. ज्याने भोक पाडलं त्याच्यावर मी धावून गेलो, तर तो प्रामाणिकपणे म्हणाला, "भैया, पाकिट में ढीली पड़ी थी, गिर जाती।" माझ्या रागाला लागणारा खलनायक मिळेचना. प्रत्येकाने आपलं काम नीट केलं होतं! मीसुद्धा. नोटशीट कोणी मागितली नव्हती.

त्याच आठवड्यात लिफ्ट बसली.

नवी राजधानी म्हणजे सहा पदरी रस्ते आणि त्यावर आमची एकटी बस. चहाची टपरी मैलभर नाही, सावली त्याहून लांब. काचेच्या इमारतीत साहेबांना बेडरूमच्या तिप्पट कक्ष मिळाला. पहिल्या सोमवारी सकाळी बडे बाबूंनी माझ्या कानात सांगितलं, "दीदी का आदेश आज निकलेगा। साहब खुद बोल के लिखवाएँगे।"

मी आलो त्याच बसने परत घरी गेलो, कॉम्प्युटरचा डबा उचलला, बायकोच्या जुन्या ओढणीने स्कूटरच्या मागच्या सीटवर बांधला आणि पंचवीस किलोमीटर, प्रत्येक गतिरोधकाला शिवी देत, इमारतीपर्यंत आलो. गेटवर गार्डने अडवलं. सामान बाहेर नेण्याचा पास त्याच्याकडे होता, आत नेण्याचा नमुनाच नव्हता. मी त्याला म्हटलं, मग मी उलटा चालत आत जातो, तू समज मी बाहेर पडतोय. तो घाबरून बाजूला झाला.

डबा दीदींच्या टेबलावर ठेवला, त्यांचा पडदा आणि कीबोर्ड जोडला, आणि साहेबांच्या कक्षात घुसलो. म्हटलं, "सर, आदेश टाइप होना है ना? बाहर चलिए। दीदी वेबसाइट पर चढ़ाकर दिखाएँगी।" आवाज माझा बहुधा चढलेला होता, कारण साहेब उठले. मागून बडे बाबू, मागून सगळी शाखा.

दीदी बसल्या. साहेबांनी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. दीदींची बोटं जुन्या वाटेने धावली. आदेश त्यांचाच होता, स्वतःचं नाव त्यांनी स्वतः टाइप केलं, पदनाम, मग बस्तरातल्या त्या ऑफिसचं नाव. मग कारण. साहेब संथपणे म्हणाले, "वार्षिक समीक्षा के अनुसार यूनिकोड में टंकण करने तथा वेबसाइट पर सामग्री डालने में असमर्थ होने के कारण..." दीदींनी तेही टाइप केलं, पूर्णविरामासकट. मजकूर उचलला, घरच्या कॉम्प्युटरवरच्या आमच्या वेबसाइटच्या नकलेतल्या फॉर्ममध्ये चिकटवला. पडद्यावर व्ही, के, एन, एस आणि लोंबती अवतरणचिन्हं. साहेब हसले. दीदींनी चौकोनावर टिक केली आणि जतनचं बटण दाबलं.

पान उघडलं. स्वच्छ हिंदी. वेलांट्या जागेवर, रफार जागेवर, 'वार्षिक समीक्षा'तला 'वार्षिक'सुद्धा ताठ उभा. बडे बाबूंनी वायर जोडून आपल्या मोबाइलवर तोच मजकूर घेतला आणि मोठ्याने वाचला, 'असमर्थ'पर्यंत आले आणि थांबले. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा दीदींकडे. 

आणि साहेब म्हणाले, "बढ़िया। प्रिंट निकालिए, साइन कर देता हूँ।"

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकतो, कारण शेवटचा शब्द माझा नाही. त्या कागदावर सही झाली नाही. दीदी त्याच खुर्चीवरून, त्याच कृतिदेवमध्ये टाइप करत निवृत्त झाल्या. मॉड्यूल पुढे खऱ्या वेबसाइटवर कंपनीनेच बसवलं, आणि त्याच्या नाव-गावाच्या फाइलीत, जी मी फार सुंदर लिहिली होती, माझ्या जागी स्वतःचं नाव घातलं. तो राग मी अजून पाळून ठेवला आहे, रोज दाणापाणी घालतो. मला साहेबांकडून कारणे दाखवा नोटीस मिळाली, खाजगी यंत्र आत आणल्याबद्दल. ती मी फ्रेम केली.

पण त्या क्षणी यातलं काही ठरलेलं नव्हतं. प्रिंटर कुरकुरत होता, साहेबांनी हिरवं पेन खिशातून काढून टोपण उघडलं होतं, आणि बडे बाबू खाली मान घालून उभे होते. साहेबांना मराठी येत नव्हती, पण आता येतं त्या वाक्यातला शेवटचा शब्द त्यांना समजला, हे त्यांच्या लाल झालेल्या कानांवरून दिसलं. दीदी खुर्ची मागे ढकलून उभ्या राहिल्या, आणि तीस वर्षं 'जी सर' म्हणणारी ती बाई सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अन् हे आत्ता कोनं टाइप केलं जी साहेब, तुमच्या बापानं?"